तुम्ही विचारलंत म्हणून: चुकीच्या छपाईच्या नोटेचा आकडा मी का सांगत नाही

नोटेचा फोटो येतो आणि त्याखाली दोन शब्द: "किती मिळतील?" मी कळवतो की चूक खरी दिसते, नोटेची स्थिती अशीअशी आहे, आकडा मात्र मी सांगत नाही. मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो. एवढं सगळं कळतं, मग किंमतच कशी कळत नाही? काहींना वाटतं, मलाच ती स्वस्तात लाटायची आहे. त्यात मी राहतो नाशिकरोडला. इथे १९२८पासून नोटा छापतात, म्हणजे मला प्रेसमधून काहीतरी मिळत असणार, हा आणखी एक समज. प्रेसची भिंत मी रस्त्यावरूनच पाहिली आहे, रिक्षावाले पाहतात तशी.

आधी ताऱ्याची नोट बाजूला काढू. तारा ही चूक नाही. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या बदली बंडलात जी घालतात, तिच्या नंबरात तो असतो. रिझर्व्ह बँकेने २०२३मध्ये हे पुन्हा सांगितलं, तरी निम्म्या लोकांना ती खोटी वाटते आणि उरलेल्यांना लाखाची. ७८६ हा नुसता नंबर आहे. आणि जुन्या नोटेचे लाखो देतो, आधी कमिशन भरा, असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. तो इशाराही रिझर्व्ह बँकेने २०२१मध्येच दिला आहे.

खऱ्या चुकीला कारण असावं लागतं. नोटेची पार्श्वभूमी आधी छापतात, मग बोटाला लागणारी उठावाची छपाई, मग नंबर, मग कापणी. तुमच्या नोटेतली चूक यातल्या कुठल्या पायरीवर झाली हे सांगता आलं नाही, तर ती बहुधा घरी झाली आहे. नंबरच नसलेली नोट म्हणून जी येते, ती मी आधी अतिनील दिव्याखाली धरतो. महात्मा गांधी मालिकेत नंबराची शाई त्या उजेडात चमकते, आणि खोडलेल्या नंबराचे अवशेषही बऱ्याचदा चमकतात. कापणीची चूक म्हणून आलेली शंभराची नोट मी पट्टीने मोजतो. जुनी शंभराची १५७ बाय ७३ मिलिमीटर. कापणी सरकली तर एका बाजूला समास जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी दिसतो. सगळ्याच बाजूंनी नोट कमी भरली, तर कात्री कोणाची ते विचारावं लागतं.

२०१७च्या जानेवारीत मध्य प्रदेशातल्या श्योपूर जिल्ह्यात शेतकऱ्यांना गांधीजींचं चित्रच नसलेल्या दोन हजारांच्या नोटा मिळाल्या. त्यांना त्या खोट्या वाटल्या. बँकेने छपाईची चूक म्हणून परत घेतल्या. संग्राहक हळहळले, शेतकऱ्यांचा जीव भांड्यात पडला. मला शेतकऱ्यांचं पटतं.

आता आकड्याबद्दल. आमच्या ओळखीच्या एक काकू दहाची नोट घेऊन आल्या होत्या. त्यांच्या यजमानांचं किराणा दुकान होतं. बँकेतून आणलेल्या कोऱ्या बंडलात त्यांना ती सापडली होती. कोपऱ्याला त्रिकोणी कागदाचा कान. आम्ही याला बटरफ्लाय म्हणतो. छपाईच्या कागदाचा कोपरा आत दुमडला जातो आणि तसाच सुरीखाली येतो, मग उलगडल्यावर जादा कागद बाहेर डोकावतो. ही चूक खोटी करणं अवघड, कारण कागद कापता येतो, वाढवता येत नाही. मी कान हलकेच मूळ घडीवर दुमडला, तर कापणीची रेघ सरळ जुळली. नंबराचा एक तुकडा कानाच्या मागच्या बाजूला छापलेला होता. शंकेला जागा नव्हती.

पण यजमानांनी ती लक्ष्मी समजून देव्हाऱ्यात ठेवली होती. दर लक्ष्मीपूजनाला कुंकवाचं बोट. ते गेल्यावरही काकूंनी ते चालू ठेवलं. नोटेच्या मधोमध तेलकट तांबडा डाग पडला होता.

त्यांनी किंमत विचारली. मी दोन आकडे सांगितले: आहे तशीचा एक, आणि डाग नसता तर कितीचा तो दुसरा. दोन्ही खरे होते. आज कोणी विचारलं, तरी तेच सांगावे लागतील. म्हणून तर सांगत नाही. (इथेही लिहीत नाही, उद्या तुम्ही तेच धरून बसाल.) सोबत त्यांचा मुलगा होता. त्याने त्या दोन आकड्यांमधली वजाबाकी तेवढी ऐकली.

काही आठवड्यांनी तो एकटाच आला. कपडे धुण्याची पावडर, मऊ ब्रश, मग इस्त्री. कुंकू खरंच गेलं होतं. पण कान सपाट होऊन घडीवर चिरला होता. दिव्याखाली धरली, तर आख्खी नोट निळसर उजळली. नोटेचा कागद तसा उजळत नाही. धुण्याच्या पावडरीत चकाकीचं जे रसायन असतं, ते कागदात मुरलं होतं. बटरफ्लायची अस्सल नोट दिव्याखाली आता सरळ नकली दिसत होती.

"आता दुसरा आकडा ना?" त्याने विचारलं.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. किमतीचं त्यांनी विचारलंच नाही. "अरे, यांचं बोट गेलं रे त्याच्यावरचं," एवढंच म्हणाल्या.

धुवायला मी सांगितलं नव्हतं. नोटा धुऊ नका हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, त्यालाही सांगितलं होतं. ऐकताना त्याच्या डोक्यात काय चाललं होतं, त्याला मी काय करणार?

छंद नवा होता तेव्हा मी वाद घालायचो की चुकीच्या नोटेला स्थिती बघायचीच कशाला. तिला जोड नसते, मग ती कोरी करकरीत की चुरगळलेली, याची तुलना कोणाशी करणार? परदेशी संस्था नोटेच्या स्थितीला ७०पैकी गुण देतात, त्याला मी हसायचो. पुढे बाजार बघितला आणि हसणं थांबलं. तरी एक खटकतंच. काकूंच्या नोटेला स्टेपलची दोन भोकं होती. बँका तेव्हा बंडलांना स्टेपल मारत, रिझर्व्ह बँकेने २००१मध्ये ते बंद करायला सांगितलं. ती भोकं सगळे माफ करतात, मीही करतो, नोट बँकेतूनच तशी आली म्हणून. बँकेच्या पिनेला माफी आणि माणसाच्या बोटाला नाही, हा न्याय मला तेव्हाही पटला नव्हता. किंमत धरताना मात्र मी तोच लावला.

माझा एक मित्र नोटांचा व्यवहार करतो. त्याचं म्हणणं, तुझं मौन हा शुद्ध शिष्टपणा आहे. तू आकडा सांगत नाहीस, मग लोक पहिल्या भेटेल त्या दुकानदाराला शे-दोनशेत देऊन मोकळे होतात, तेही पाप तुझंच. बोलण्यात दम आहे. मी त्याला म्हटलं, मग तुझा नंबर देतो त्यांना. तो नको म्हणाला.