वास येत नाही, मग लावता कशाला?

तुम्ही माझ्या कोलनबद्दल, या लिंबाच्या हलक्या सुगंधाबद्दल, विचारलंत म्हणून. एरवी काउंटरवर गोळ्यांची पट्टी कापता कापता मी या प्रश्नाला ‘सवय हो’ एवढंच म्हणतो आणि सुटे पैसे पुढे सरकवतो. प्रश्न एकच, विचारणारे बदलतात. ‘वास येना जाल्यार लायता कित्याक मरे?’ शेजारचा हार्डवेअरवाला विचारतो, पतसंस्थेतली मंडळी विचारतात. त्याला जोडून दुसरा: एवढे पैसे घालून? आणि तिसरा, आमच्या भावोजींचा राखीव: ‘लिंबूच फासायचं तर परसातलं फास की. फुकट आहे.’

वास येतो. तुम्ही काउंटरच्या पलीकडे असता आणि तो अलीकडे असतो, एवढंच. हातभर अंतरापर्यंत पोचावा आणि तिथे थांबावा, एवढ्यासाठीच तो बनवलेला असतो. कोलन म्हणतात त्या जातीत सुगंधी द्रव्य शेकडा दोन ते पाच टक्के, बाकी बहुतेक स्पिरिट. तुमच्या चुलतभावाने दुबईहून आणलेल्या बाटलीत ते पंधरा-वीस टक्के असतं. त्यात लिंबू, संत्रं, बर्गमॉट यांच्या सालीतलं तेल म्हणजे मुख्यतः लिमोनीन, हलकं आणि उडून जायला टपलेलं. ते आधी जाणारच. ‘कंपनीने फसवलं, अर्ध्या तासात गेला’ म्हणून कुणी माझ्याकडे बाटली घेऊन आलं की मी विचारतो, लिंबू कापल्यावर त्याचा वास किती वेळ राहतो तुमच्या घरात?

शिवाय माझा धंदा बघा. सकाळी दहा वाजता दुकानाच्या पायरीवर कोण असतं? उलटीची गोळी मागणारी गरोदर बाई, दम्याचा पंप न्यायला आलेले आजोबा, रात्रभर अर्धशिशीने जागलेली एखादी शिक्षिका. यांच्यापुढे मी ऊद लावून उभा राहू?

हे उत्तर मी इतकी वर्षं दिलंय की ते मलाच खरं वाटायला लागलं होतं. पण दुकान टाकायच्या आधीपासून मी हे लावतो, तेव्हा कुठले आले दम्याचे पेशंट? खरं कारण मला फारसं शोभत नाही. कडक वास लावणाऱ्यांना मी मनातल्या मनात एक पायरी खाली बसवत आलोय. ते ओरडतात, मी हळू बोलतो, अशी काहीतरी ऐट. ऊद काय, अत्तर काय, दोन्हीमागे शतकांची कला आहे हे मला चांगलं ठाऊक होतं, तरीही. आणि मे महिन्यात फोंड्याहून पणजीच्या बशीत बसलं की माझी ऐट कुठे असते? फर्मागुडीच्या चढावर बर्गमॉट उतरतो, बाणस्तारीच्या पुलापर्यंत संत्र्याच्या फुलांचा नेरोली टिकला तर टिकला, आणि पणजीला शर्टाला फक्त शर्टाचा वास. पुढच्या सीटवरचा दुबईवाला मात्र जसा चढला तसाच घमघमत उतरतो. त्याने काय वाईट केलं?

आमच्याकडे या वासाची आणखी एक पंचाईत आहे. तुमच्या-माझ्या लहानपणी कोलन वॉटर फक्त तापात निघायचं. कपाळावर घड्या. अजूनही कुणी वयस्क माणूस जवळ आला की नाक वर करून विचारतो, ‘घरात कोण आजारी?’ नव्या पिढीला हाच वास भांड्याच्या साबणाचा वाटतो. म्हणजे मी एकतर तापलेला, नाहीतर नुकतीच भांडी घासून आलेला. मूळ गोष्ट मात्र निराळी. इटलीहून जर्मनीतल्या कोलोन शहरात गेलेल्या फारिना नावाच्या माणसाने १७०८ साली भावाला पत्र लिहिलं, की मला असा सुगंध सापडलाय ज्याने इटलीतल्या वसंतातली सकाळ आठवते, पाऊस पडून गेल्यावरची. पुढच्या वर्षी त्यांचं दुकान उभं राहिलं. आपल्या गावची सकाळ बाटलीत भरून परक्या गावात विकायची. या माणसाबद्दल मी आल्यागेल्याला कौतुकाने सांगत आलोय. म्हणूनच पुढची गोष्ट मला अजून गिळता येत नाही.

चार वर्षांपूर्वीची चतुर्थी, ताईच्या घरी डिचोलीत. दुपारची जेवणं झाली होती. गणपतीपुढे उदबत्त्या, नुकताच आरतीचा कापूर, आतून पातोळ्यांच्या हळदीच्या पानांचा वाफाळ वास, बाहेर पोरांनी लावलेल्या फटाक्यांचा धूर, डोक्यावर माटोळीत पपनसापासून सुपारीच्या घडापर्यंत सगळा डोंगर टांगलेला. मी दोनदा खतखतं, म्हणजे आमची तिरफळ घातलेली मिश्र भाजी, वाढून घेतलेलं. तिरफळ हे लिंबाच्याच कुळातलं झाड, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जीभ बधिर आणि नाकात त्याचाच तो हिरवा झिणझिणाट. त्या नाकाने त्या खोलीत परीक्षा करायला बसणं म्हणजे ढोल वाजत असताना तंबोरा लावून बघणं. हे मला तेव्हाही कळत होतं.

भाचा आतून प्लास्टिकचा डबा घेऊन आला. त्यात सहा कुप्या, पाच-पाच मिलीच्या, पांढऱ्या चिकटपट्टीवर निळ्या शाईने आकडे. आठ महिने तो माळ्यावर बसून हे करत होता. सोनाराकडे असतो तसला बारीक काटा आणलेला, थेंब मोजून वहीत लिहिलेले. बर्गमॉट, लिंबू, कडू संत्र्याच्या पानांचं तेल, हेडिओन नावाचं जाईच्या जवळ जाणारं कृत्रिम द्रव्य, एक कृत्रिम कस्तुरी. ड्रॉइंगच्या कागदाच्या पट्ट्या त्याने स्वतः कापल्या होत्या, सगळ्या एका मापाच्या. त्याच्या आजीच्या विहिरीकडे कागदी लिंबाचं झाड होतं, रस्ता रुंद करताना गेलं. पोहरा वर ओढताना दोर फांदीला घासायचा. त्याला रस नको होता, लिंबाचं सरबत नको होतं. त्याला तो घासल्याचा वास हवा होता. पान, हिरवी साल आणि खाली ओला चिरा.

हे सगळं त्याने मला बाजूला नेऊन सांगितलं आणि म्हणाला, ‘मामा, आता नको बघू. घरी ने. उद्या सकाळी आंघोळीनंतर हातावर लाव, चोळू नकोस, आणि दुपारपर्यंत मला काही सांगू नकोस.’

म्हणजे कसं बघायचं ते चोवीस वर्षांच्या पोराला माहीत होतं.

पण भावोजींनी ऐकलं. ‘अरे बघ की आत्ताच! तू तज्ज्ञ ना घरातला?’ पंधरा-वीस माणसं माटोळीखाली बसलेली. आणि मी पट्टी बुडवली. चार नंबर. नाकाशी धरली, झुलवली, परत धरली, त्या एकाच पट्टीत नाक खुपसून बसलो. तोच तोच वास ओढत राहिलं की काही मिनिटांत नाक त्याला सरावतं आणि तो संपल्यासारखा वाटतो. दुकानात पोरांना मीच सांगतो, दोन-तीनच्या वर बघू नका, मध्ये बाहेर जाऊन या, कॉफीच्या बियांचं सोंग करू नका, साधी हवा पुरते. मी बाहेर गेलो नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

‘दहा मिनिटांत संपलं रे हे,’ मी म्हणालो. ‘लोक पैसे मोजून काय घेणार, वारं?’

माटोळीखाली हशा पिकला. भावोजी सगळ्यात मोठ्याने: ‘मामालाच आला नाही, मग कुणाला येणार!’

त्या हशाचं काय सांगू? पंचवीस वर्षं या घरात त्या बाकाच्या दुसऱ्या बाजूला मी होतो. लिंबूवाला मामा, तापवाला मामा. त्या दिवशी पहिल्यांदा मी हसणाऱ्यांच्या बाजूला बसलो आणि ती जागा फार उबदार होती. भाचाही हसला. मग त्याने पट्ट्या गोळा केल्या, कुप्या डब्यात ठेवल्या, झाकण चारी कोपऱ्यांवर दाबून लावलं आणि चहा आणायला आत गेला. चार नंबरची कुपी तेवढी माझ्या हातात राहिली होती, ती मी खिशात टाकली आणि विसरलो.

त्या दिवशीचा मी अजून माझ्याशी भांडतो. म्हणतो, खोटं कुठे बोललास? कागदावर तो दहा मिनिटांतच गेला. धंदा करायला निघालेल्या पोराला कुणीतरी सांगायलाच हवं होतं. मी त्याला म्हणतो, तुझीच बाटली लोक याच कारणासाठी नावं ठेवतात तेव्हा तू फारिनाचं पत्र सांगतोस, आणि विहिरीवरचं लिंबाचं झाड ऐकल्यावर तुला वारं सुचलं? यावर तो म्हणतो, फारिनाचं दुकान चाललं. या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही.

फेब्रुवारीत कपाट आवरताना कुपी सापडली. सकाळी गारवा होता. आंघोळ करून कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब आणि कॉलरला एक लावून दुकानात गेलो. आठ वाजता: सरळ भांड्यांचा साबण. सिट्रलचं, म्हणजे लिंबाचा वास देणाऱ्या द्रव्याचं, माप जास्त पडलंय, बघ, मी बरोबरच होतो, असं म्हणून मी शटर वर केलं. नऊच्या सुमाराला साबण निघून गेला आणि पान आलं, चुरगळलेलं, किंचित कडू. अकराला खालच्या खणातून थायरॉइडच्या गोळ्या काढायला वाकलो आणि कॉलरमधून काहीतरी वर आलं. म्हार्दोळला म्हालसेच्या देवळाबाहेर बायका जायांच्या माळा ओल्या फडक्याखाली झाकून बसतात, त्यांच्यासमोरून जाताना येतं तसं. फूल नव्हे, फुलाजवळची हवा. हे हेडिओनचं काम. १९६६ साली रुद्निट्स्का नावाच्या सुगंधकाराने डिओर कंपनीच्या ‘ओ सोव्हाज’ या सुगंधात ते लिंबाच्या जोडीला घातलं, तेव्हापासून लिंबाला थोडा दम धरता यायला लागला. ती बाटली माझ्याकडे आहे. लग्नकार्याला मी तीच लावतो. तोच जिन्नस पोराच्या कुपीत मला ओळखू आला नव्हता.

दुकानातली मुलगी म्हणाली, ‘काका, लिंबाचं पान चुरगळलंत का कुठे?’ एवढंच. पुढे बिल करायला लागली.

रात्री बायकोने शर्ट धुवायला काढताना विचारलं, ‘हा कुठला नवा साबण? छान, मऊसर आहे.’ मी शर्ट नाकाला लावला. काही नाही. नुसतं कापड. काही काही कस्तुऱ्यांचे रेणू मोठे असतात आणि काही नाकांना त्या मुळीच कळत नाहीत, हे मी वाचलं होतं. आपलं नाक त्यातलं असेल असं वाटलं नव्हतं. म्हणजे तीस वर्षं मी लोकांच्या बाटल्यांना पास-नापास करत आलो ते तळमजला न बघता. बायको म्हणते तुझ्या रोजच्या शर्टांनाही रात्रीपर्यंत काहीतरी असतं. तुम्ही म्हणता, काहीच येत नाही. आता यात मी कुणाचं धरू?

भाच्याला त्याच रात्री मेसेज केला. ‘चार नंबर चांगला आहे. सुरुवात जरा साबणी आहे, सिट्रल कमी कर.’ पाठवल्यावर दिसलं, की माफी मागायची होती ती दुरुस्तीच्या आड गेली. त्याने अंगठा पाठवला. शिगम्यात भेटला तेव्हा मी विषय काढला. म्हणाला, ‘वही कुठे गेली माहीत नाही रे मामा.’ नाराज होऊन म्हणाला असता तर बरं वाटलं असतं. तो कळंगुटला हॉटेलात रिसेप्शनवर आहे, पगार बरा आहे, लग्नाचं बघताहेत. भावोजी भेटले की पाठीवर थाप मारतात: ‘त्या दिवशी तू त्याला वाचवलंस.’ ते थट्टा करत नाहीत, मनापासून म्हणतात. त्यांचं चुकत असेलच असंही नाही. वही हरवली की टाकली, हे मी विचारलेलं नाही.

कुपी आता दुकानातल्या फ्रिजमध्ये आहे, दाराच्या कप्प्यात, इन्सुलिनच्या शेजारी. त्या फ्रिजमध्ये औषधाशिवाय काही ठेवू नये. ठेवलंय. लिमोनीनला हवा लागली की ते बिघडतं, टर्पेंटाइनकडे झुकतं. थंडीत ते जरा सावकाश होतं, थांबत नाही. नखभर उरलंय. गेल्या महिन्यात झाकण उघडलं तर वरचा साबण गेलाच होता, त्या जागी रंगाच्या डब्यासारखं काहीतरी यायला लागलंय. पान अजून आहे. संपवायची की तशीच ठेवून बिघडू द्यायची, हे ठरत नव्हतं. शेवटी सोमवारी सकाळी एक थेंब लावला आणि दुकान उघडलं.

साडेअकराला तुम्ही आलात. बीपीच्या गोळ्या घेतल्यात, काउंटरवर रेलून नाक जवळ आणलंत, आणि हा प्रश्न विचारलात.