सांगलीच्या हळदीतले कर्क्युमिन

हळकुंड मोडल्यावर आत दिसणारा नारिंगी-पिवळा रंग मुख्यतः कर्क्युमिनचा. हे द्रव्य १८१५ मध्ये प्रथम वेगळे केले गेले, पण त्याची रचना उलगडायला १९१० उजाडले. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या हळदीवर काम करताना मला नमुन्याचा इतिहास सर्वांत महत्त्वाचा वाटतो: ती कोणत्या शेतातली, किती वेळ शिजवली, सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यात, राहिली की गोदामात, याची नोंद नसेल तर प्रयोगशाळेतल्या आकड्यांना आधारच उरत नाही. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्याने पूड इथेनॉलमध्ये भिजवून अर्क काढतात आणि उजेडाने तो बिघडू नये म्हणून बाटली झाकून ठेवतात. परीक्षानळीत प्रभावी दिसणारे हे द्रव्य शरीरात मात्र फारच कमी शोषले जाते. मिरीतल्या पायपरिनमुळे ते शोषण वाढते, असे १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दाखवून दिले.