आईची व्हीलचेअर आणि ग्रीसची दोन बंदरं

आईचे गुडघे गेल्यापासून फिरणं बंदच होतं, म्हणून मुद्दाम क्रूझ घेतली, म्हटलं सामान एकदाच उघडायचं आणि रोज नवीन गाव. पण खरं सांगते, बुकिंग करताना मी गावांची नावं बघितली, जहाज धक्क्याला लागतं की नाही हे बघितलंच नाही, आणि तेच सगळ्यात आधी बघायला हवं होतं!

सँटोरिनीला मोठी जहाजं समुद्रातच नांगर टाकतात, मग छोट्या टेंडर बोटीने किनाऱ्यावर जायचं. बोट लाटांवर वरखाली होत होती, स्टाफने सांगितलं की स्वतः दोन पावलं टाकता येत असतील तरच नेऊ. आईला नाही जमलं. पुढेही जुन्या बंदरावरून वरच्या फिरा गावात चढायला पाचशेच्या वर पायऱ्या, नाहीतर खेचर किंवा केबल कार. आम्ही डेकवरूनच ती पांढरी घरं बघितली, आई गप्प होती, मला फार वाईट वाटलं.

अथेन्सला मात्र वेगळंच. पिरेयस या तिथल्या बंदरात जहाज थेट धक्क्याला लागतं, रॅम्पवरून खुर्ची सरळ खाली. आणि अ‍ॅक्रोपोलिसच्या टेकडीवर 2020 मध्ये नवीन लिफ्ट बसवलीये, वरती सिमेंटच्या वाटापण केल्यात, त्यामुळे आई पार्थेनॉन या प्राचीन मंदिराच्या अगदी समोर! कितीतरी वेळ नुसती खांबांकडे बघत बसली, मग हळूच म्हणाली, "अगं, पाणी दे."