आमची वाटचाल : एक खड्ड्यात, एक केबिनमध्ये

नारायणगावात पुणे-नाशिक रस्त्यापासून जरा आत आमचं गॅरेज आहे. बोर्डावर ‘पाटे, किंगपिन, स्टिअरिंग’ एवढंच लिहिलंय. पाटे म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, किंगपिन म्हणजे पुढचं चाक ज्याभोवती वळतं तो दांडा. इंजिन आम्ही उघडत नाही, गिअरबॉक्सला हात लावत नाही. जुनी पिकअप, छोटा टेम्पो, टाटा ४०७ यांच्या स्टिअरिंगपासून पुढच्या टायरपर्यंत जे काही येतं तेवढंच आमचं. एवढ्यावर भागतं का, असं माझ्या माहेरचे अजून विचारतात. भागतं.

धंदा सासऱ्यांनी सुरू केला, तो पाट्यांचा. उसाच्या ट्रॉल्यांचे, ट्रकचे मोडलेले पाटे बदलायचे, बसलेल्यांना पुन्हा कमान द्यायची. पुढे जुन्नर तालुक्यात टोमॅटो वाढला, आमचं मार्केट मोठं झालं आणि दारात ट्रकपेक्षा पिकअप जास्त दिसायला लागल्या. त्यांची तक्रार पाट्यांची नसायचीच. ‘गाडी रस्ता धरत नाही,’ एवढंच सांगायचे. ओतूर सोडून माळशेज उतरायचा, मुरबाड-कल्याण करत उजाडायच्या आत वाशी गाठायची, पावसाळ्यात घाटात धुकं. अशा वेळी स्टिअरिंग चार बोटं मोकळं फिरत असेल तर ड्रायव्हरच्या खांद्यांचं काय होतं ते त्यालाच विचारा. मिस्टर तेव्हा भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये पुढच्या ॲक्सलचं काम शिकून आले होते. सासऱ्यांनी भट्टीशेजारची जागा दिली, गाडीखाली उभं राहून काम करायला खड्डा बांधून घेतला आणि हे काम सुरू झालं.

माझ्याकडे हिशोबाची वही होती. पण स्टिअरिंगचा प्ले, म्हणजे जोडांमधली मोकळी हालचाल, एकट्या माणसाला सापडत नाही. एकाने केबिनमध्ये बसून स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवत राहायचं. टायर जमिनीवरच टेकलेले असायला पाहिजेत, आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू. दुसऱ्याने खड्ड्यातून एकेका जोडावर बोट ठेवत पुढे सरकायचं. हाताखालचा पोरगा आला नाही की मला हाक यायची. ‘आज वहिनी गाडीत बसल्यात’ याची गिऱ्हाइकांना आधी गंमत वाटायची. आता मी बसलेली नसले तर विचारतात. हाताला ओळख व्हायला लागते. नुसता मोकळा फिरतो तो प्ले वेगळा, टक् करून अडतो तो वेगळा.

आमच्या धंद्याला वळण लागलं ते तपासणीचे पैसे घ्यायला लागलो तेव्हा. ‘नुसतं बघायचे कसले पैसे?’ यावरून बरीच वादावादी झाली. पण बाजारातली रीत अशी की गाडी हलते म्हटलं की आधी टाय रॉड एंड, म्हणजे दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या टोकांचे जोड, बदलायचे, कारण ते स्वस्त आणि हाताशी. फरक नाही पडला तर ड्रॅग लिंक, म्हणजे स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा. तरी नाही तर स्टिअरिंगचं फिरणं त्या दांड्याला देणारा बॉक्सच. गिऱ्हाईक तीनदा पैसे देतं आणि दोष भलतीकडेच असतो. आम्ही म्हटलं, आधी दोष दाखवू, गाडीमालकाला खड्ड्यात उतरवून दाखवू, मग पार्ट. काम आमच्याकडेच केलं तर तपासणीचे पैसे बिलातून वजा.

आता बघायचं काय? स्टिअरिंगला प्ले असणं आणि गाडी भटकणं या दोन तक्रारी लोक एका दमात सांगतात, पण त्या वेगळ्या आहेत. प्ले असेल तर हालचाल कुठेतरी हरवते. स्टिअरिंगचा दांडा फिरतो पण खालच्या कपलिंगपुढे काही हलत नाही, तर कपलिंगचा क्रॉस गेला. बॉक्समध्ये जाणारा दांडा फिरतो आणि बाहेर येणारा आर्म उशिरा हलतो, तर बॉक्स आतून झिजलाय. आणि सगळा बॉक्सच चासीवर हलताना दिसला तर बोल्ट ढिले, नाहीतर चासीला चीर. ही चीर फार फसवी. चिखलाच्या थराखाली बसलेली असते, स्टिअरिंग वळवलं तेवढ्यापुरती उघडते. म्हणून तपासणीच्या आधी आम्ही तो भाग धुऊन घेतो.

मग जॅक. चाक वर-खाली हलवून प्ले लागला तर किंगपिन, बॉल जॉइंट किंवा हबचं बेअरिंग. यातलं कोणतं, ते ओळखायला मी ब्रेक दाबून धरते आणि मिस्टर पुन्हा चाक हलवतात. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग. तसाच राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट. बेअरिंग कसून निभतं, किंगपिनला बुश, म्हणजे तो ज्यात फिरतो त्या नळ्या, नवे घालून त्यांचं भोक रीमरने मापात आणावं लागतं, त्यामुळे या एका ब्रेकवर गिऱ्हाइकाचे बरेच पैसे वाचतात.

भटकणाऱ्या गाडीत मात्र कधी कधी प्ले कुठेच मिळत नाही. उलट सगळं घट्ट असतं. ग्रीस आत जात नाही, ग्रीस भरायचं निपल मातीने बुजलेलं, किंगपिन बुशात धरलेला. वळण संपलं की स्टिअरिंग आपोआप सरळ यायला हवं, ते येत नाही. ड्रायव्हर सरळ करतो, जरा जास्तच होतं, परत उलट करतो. गाडी रस्त्यावर नागमोडी चालते आणि मालक म्हणतो ‘लूज आहे’. बॉक्सच्या वरचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळूनही हेच होतं. बॉक्स सरळ चालण्याच्या जागी सर्वांत जास्त झिजतो. तिथला प्ले जाईपर्यंत स्क्रू आवळला की पूर्ण वळणावर जाम होतो. माळशेजच्या वळणांवर अशी गाडी मी कुणाला चालवू देणार नाही. स्क्रू असतो तो बारीकशा समायोजनासाठी, झीज झाकायला नाही.

दुसरं कारण मागे असतं, तिकडे कोणी बघत नाही. पाटा ॲक्सलला आवळणारा यू बोल्ट ढिला, पाट्याचा सेंटर बोल्ट तुटलेला, त्यामुळे मागचा ॲक्सल जरासा तिरका सरकलेला. समोर कितीही पार्ट घाला, गाडी तिरकीच जाणार. त्यात जादा पाटा घालून क्रेट रचलेले. मागे भार वाढला की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगतं. हे बोलून दाखवलं की गिऱ्हाईक विषय बदलतं.

अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांची दिशा जुळवायचं, मशीन आम्ही बँकेचं कर्ज काढून बरंच उशिरा आणलं. प्ले असलेल्या गाडीचं अलाइनमेंट मात्र करत नाही. स्क्रीनवर आकडे जुळतील, पण ढिला जोड रस्त्यावर ते ठेवणार नाही. यावरून काही गिऱ्हाइकं तुटली. तुटू देत.

बाकी वाटचाल सगळ्यांसारखीच. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि माझी वही कॉम्प्युटरवर गेली. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाड्यांना दरवर्षी पासिंग लागतं, त्यामुळे जुन्या गाड्या आमच्याकडे वर्षातून एकदा तरी येतातच. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला तेव्हा गाडी दोन तास उभी करायलाही कोणी तयार नव्हतं. ‘पुढच्या आठवड्यात करू, आता नुसतं आवळून द्या.’ तेव्हा निम्मा वेळ भांडणातच जायचा. ज्यांचे बॉल जॉइंट सुटायच्या बेतात होते त्यांच्या चाव्या मी गल्ल्यात टाकल्या, शिव्या खाल्ल्या. त्यातले बरेचजण अजून येतात.

आता पोरगा मशीनवर असतो, मिस्टर अजून खड्ड्यात. नवीन येणाऱ्यांना एकच विनंती. मालक स्वतः गाडी सोडायला येतात आणि ‘डुलते’ एवढंच सांगतात, कारण गाडी चालवतो ड्रायव्हर. भरलेली असताना भटकते की मोकळी, ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढते का, खड्ड्यानंतर स्टिअरिंग थरथरतं का, हे त्यालाच माहीत. टायरमध्ये हवा सारखी भरून घ्या आणि गाडीबरोबर ड्रायव्हरला पाठवा. चहा आमच्याकडे.