अंतराळयानातला बॉम्ब आणि ‘काश्मीर प्रिन्सेस’चा तपास

शांतता-परिषदेसाठी निघालेले प्रतिनिधी, परस्परांवर काडीचाही विश्वास नसलेले दोन ग्रह, स्वतःला तटस्थ म्हणवणारा तिसरा ग्रह आणि अर्ध्या वाटेवर यानात झालेला स्फोट, ही मांडणी विज्ञानकथेच्या वाचकांना तोंडपाठ आहे. तरीही सध्या मी याच मांडणीवर एक दीर्घकथा लिहायला घेतली आहे. अशा कथांबद्दल माझी जुनी तक्रार अशी, की लेखकाची सगळी कल्पकता बॉम्ब कुठे लपवला आणि तो कुणी ठेवला यावरच खर्च होते. तपास अधिकारी यानभर हवा तिथे फिरतो, हवे त्याला प्रश्न विचारतो, शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना एका दालनात जमवतो आणि संशयितही निमूटपणे गुन्हा कबूल करतो. या अधिकाऱ्याला अधिकार कुणी दिला, यानाचे अवशेष कुणाच्या मालकीचे, संशयित दुसऱ्या ग्रहाच्या यानात चढून निघून गेला तर त्याला परत कोण आणणार, हे प्रश्न उद्भवतच नाहीत. प्रत्यक्ष तपास मात्र याच प्रश्नांपाशी अडतो, आणि ते पाहायला ताऱ्यांपर्यंत जाण्याची गरज नाही. एअर इंडियाचे १९५५ सालचे एक विमान त्याला पुरेसे आहे.

‘काश्मीर प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे चार इंजिनांचे विमान होते. इंडोनेशियातील बांडुंग येथे १८ एप्रिल १९५५ पासून आशियाई आणि आफ्रिकी राष्ट्रांची परिषद भरणार होती आणि तिला जाणाऱ्या आपल्या माणसांसाठी चीन सरकारने हे विमान भाड्याने घेतले होते. ११ एप्रिल रोजी ते हाँगकाँगच्या काय ताक विमानतळावरून जाकार्ताकडे निघाले. आत ११ प्रवासी आणि ८ कर्मचारी होते. प्रवाशांमध्ये चिनी अधिकारी आणि पत्रकार, उत्तर व्हिएतनामचा एक प्रतिनिधी आणि पोलंड व ऑस्ट्रियाचे पत्रकार होते. चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय हेही याच विमानाने जाणार अशी समजूत होती, पण ते त्यात नव्हते. उड्डाणानंतर सुमारे पाच तासांनी, नातुना बेटांच्या परिसरात, स्फोटाचा आवाज झाला आणि उजव्या पंखात तिसऱ्या क्रमांकाच्या इंजिनामागे आग दिसू लागली. कॅप्टन जटार यांनी ते इंजिन बंद केले, नियंत्रण कक्षाकडे विमानाचे ठिकाण कळवणारे संदेश गेले आणि मग रेडिओच बंद पडला. धुराने भरलेले विमान समुद्रावर उतरवण्याच्या प्रयत्नात उजवा पंख आधी पाण्याला लागून विमानाचे तुकडे झाले. सहवैमानिक दीक्षित, दिक्दर्शक पाठक आणि देखभाल अभियंता कर्णिक हे तिघे वाचले, १६ जण गेले. कर्णिकांनी पुढे या अनुभवावर पुस्तकही लिहिले.

आता या घटनेचे धागे कुठे कुठे जातात ते पाहावे. विमान भारतीय, ते जिथे थांबले तो विमानतळ ब्रिटिशांच्या ताब्यातील, भाडेकरू चिनी, अवशेष पडले ते पाणी इंडोनेशियाचे आणि पुढे संशयित पळाला तो तैवानात. शिवाय तैवानच्या सामुद्रधुनीत तेव्हा चीन आणि कुओमिंतांग (तैवानात सत्तेवर असलेला, चिनी कम्युनिस्टांचा विरोधक पक्ष) यांच्यात तोफा धडाडत होत्या आणि अमेरिका तैवानच्या पाठीशी होती. कोणत्याही विज्ञानकथालेखकाने एवढी गुंतागुंत रचली असती तर संपादकाने दोन ग्रह कमी करायला सांगितले असते.

तपासाचा पहिला भाग, म्हणजे काय घडले हे ठरवणे, तुलनेने लवकर झाला. विमान इंडोनेशियाच्या हद्दीत पडल्यामुळे चौकशी मंडळ इंडोनेशियाने नेमले. जिथे अपघात झाला त्या राष्ट्राने चौकशी करावी हा नियम १९४४ च्या शिकागो करारापासून चालत आला आहे. समुद्रातून काढलेल्या अवशेषांवरून आणि वाचलेल्या तिघांच्या जबानीवरून मंडळाने मे महिन्याच्या अखेरीस निष्कर्ष जाहीर केला: उजव्या चाकाच्या कप्प्यात ठेवलेल्या टाइम बॉम्बचा स्फोट झाला, त्याने तिसऱ्या क्रमांकाची इंधनटाकी फुटली आणि आटोक्यात न येणारी आग लागली. घड्याळाच्या यंत्रणेचे वेडेवाकडे झालेले तुकडे सापडले होते आणि डिटोनेटर अमेरिकी बनावटीचा असल्याचे निष्पन्न झाले. चाकाचा कप्पा ही जागा फार बोलकी आहे. प्रवाशांना उड्डाणात तिथे हात घालता येत नाही, म्हणजे बॉम्ब जमिनीवर ठेवला गेला. आणि तो जमिनीवर ठेवला गेला असेल तर विमान धुणारे, इंधन भरणारे, चाके तपासणारे लोक संशयाच्या वर्तुळात आपोआप येतात. विमानातल्या कुणाकडेही बोट न दाखवता केवळ एका जागेवरून तपासाची दिशा अशी ठरली.

माझ्या कथेतल्या यानाला समुद्र नाही, आणि ही अडचण वाटते त्याहून मोठी आहे. पोकळीत फुटलेल्या यानाचे तुकडे एका जागी पडत नाहीत. ज्या वेगाने सुटले त्या वेगाने ते जात राहतात, आणि त्यांच्या मार्गांचे गणित उलटे मांडून स्फोटाचा बिंदू काढता येईल, पण ते तुकडे हाती लागतीलच असे नाही. यानाचा दाबयुक्त भाग शाबूत राहिला असेल तर परिस्थिती वेगळी. वजनरहित अवस्थेत धूळ खाली बसत नाही, हवेबरोबर फिरत राहते आणि शेवटी वायुवीजनाच्या जाळ्यांवर जाऊन चिकटते; आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर हरवलेल्या बारीकसारीक वस्तू अनेकदा तिथेच सापडतात. म्हणून माझी तपास अधिकारी स्फोटाच्या जागेकडे धावण्याआधी हवा शोषणाऱ्या जाळ्या सीलबंद करते. मला स्वतःला कथेतला हा तपशील फार आवडतो, म्हणून तो इथे आधीच सांगून टाकला.

अवशेष अजिबात हाती नसतानाही कारण शोधता येते, हे चंद्राकडे निघालेल्या अपोलो १३ या अमेरिकी यानाने दाखवले आहे. एप्रिल १९७० मध्ये त्या यानाच्या सेवाकक्षातील प्राणवायूची टाकी फुटली. परतताना सेवाकक्ष सोडून देण्यात आला, अंतराळवीरांनी त्याची छायाचित्रे घेतली आणि तो वातावरणात जळून गेला. चौकशी मंडळापुढे नोंदलेले आकडे, टाकीच्या निर्मितीची कागदपत्रे आणि जमिनीवर केलेल्या चाचण्या एवढेच होते. त्यावरून टाकीतील तापनियंत्रक स्विच २८ व्होल्टसाठी बनवलेले होते, प्रक्षेपणतळावर मात्र त्यांना ६५ व्होल्टचा पुरवठा झाला आणि त्यामुळे आतल्या तारांवरचे आवरण आधीच जळाले होते, इथपर्यंत मंडळ पोचले. घातपाताच्या तपासात अशा साध्या अपघाताची शक्यता आधी बाजूला सारावी लागते. राजकीय तणाव असताना तर अपघाताला कुणीच वाली नसतो, कारण घातपात झाला असेच सगळ्यांना हवे असते.

हाँगकाँगमधला तपास हा मला या प्रकरणाचा सगळ्यांत शिकवणारा भाग वाटतो. विमानाच्या देखभालीशी संबंध आलेल्या ७१ जणांची पोलिसांनी चौकशी केली, माहिती देणाऱ्यास एक लाख हाँगकाँग डॉलरचे बक्षीस लावले आणि संशय विमानतळावरच्या एका सफाई कामगारावर स्थिरावला. कुओमिंतांगच्या हस्तकांनी त्याला सहा लाख हाँगकाँग डॉलर कबूल केले होते, तो मित्रांपाशी बढाया मारत होता आणि हात सैल सोडून खर्च करत होता, असे पोलिसांना आढळले. पण त्याला अटक करण्याआधीच, १८ मे रोजी, तो एका विमानात लपून तैवानला पोचला. ते विमान ज्या कंपनीचे होते ती गुप्तपणे अमेरिकेच्या सीआयएच्या मालकीची होती. अमेरिकेच्या सहभागाचा आरोप चीनने केला, तो आजतागायत सिद्ध झालेला नाही. ब्रिटनने १९५० सालीच बीजिंगच्या सरकारला मान्यता दिलेली असल्यामुळे तैवानशी त्याचे राजनैतिक संबंध नव्हते. हाँगकाँगने संशयिताची मागणी केली, तैवानने ती फेटाळली आणि तो आपला हस्तक नसल्याचे सांगितले. पुरावा, नाव आणि पत्ता हे सगळे हाती असताना तपास तिथेच संपला.

भारताचे विमान असल्यामुळे भारतानेही आपला माणूस पाठवला होता. गुप्तवार्ता विभागाचे रा. ना. काव, ज्यांनी पुढे १९६८ मध्ये ‘रॉ’ची उभारणी केली, ते या तपासात ब्रिटिश आणि चिनी अशा दोन्ही अधिकाऱ्यांबरोबर काम करत होते. परस्परांशी धड न बोलणाऱ्या दोन बाजूंना ज्याच्याशी बोलता येते असा तिसरा माणूस, ही भूमिका कथेत सहसा दुय्यम पात्राला मिळते. माझ्या मते ती नायकाची जागा आहे.

यानंतर कायदा पुढे सरकला. विमानातील गुन्ह्यांबाबतचा टोकियो करार १९६३ मध्ये झाला. विमानांच्या घातपाताबद्दलच्या १९७१ च्या मॉन्ट्रियल करारात, संशयित ज्याच्या भूमीवर सापडेल त्या राष्ट्राने त्याला सोपवावे अथवा स्वतः खटल्याची कारवाई करावी, असे बंधन आले. अंतराळात १९६७ च्या करारानुसार यान ज्या राष्ट्राच्या नोंदवहीत असेल त्याचाच त्या यानावर आणि आतील माणसांवर अधिकार चालतो. आंतरराष्ट्रीय स्थानकासाठीच्या १९९८ च्या करारात मात्र फौजदारी अधिकार नागरिकत्वाप्रमाणे वाटलेला आहे: बाधित राष्ट्राला दुसऱ्याच्या नागरिकावर खटला भरायचा असेल तर आधी सल्लामसलत करावी लागते, आणि संशयिताच्या राष्ट्राने ९० दिवसांत संमती तरी द्यायची किंवा आपण स्वतः खटला चालवू अशी हमी तरी द्यायची.

ही तरतूद कधी कसाला लागली नाही, पण तशी वेळ जवळ येऊन गेली. ऑगस्ट २०१८ मध्ये स्थानकाला जोडलेल्या रशियाच्या सोयूझ एमएस-०९ यानात सुमारे २ मिलिमीटरचे छिद्र सापडले आणि ते ड्रिलने पाडलेले दिसत होते. रशियन अधिकाऱ्यांनी घातपाताची शक्यता बोलून दाखवली. रशियाच्या सरकारी वृत्तसंस्थेने २०२१ मध्ये एका अमेरिकी अंतराळवीराकडे बोट दाखवले आणि नासाने ते साफ फेटाळले. छिद्र यानाच्या ज्या भागात होते तो पृथ्वीवर परततच नाही, वाटेत जळून जातो, म्हणून २०१८ च्याच डिसेंबरमध्ये दोन रशियन अंतराळवीरांनी बाहेर जाऊन आवरण कापले आणि नमुने घेतले. काय घडले ते आम्हाला समजले आहे पण सांगणार नाही, असे रशियन अंतराळ संस्थेच्या प्रमुखांनी २०१९ मध्ये जाहीर केले. यान त्यांच्या नोंदवहीतले, नमुने त्यांच्या प्रयोगशाळेतले, त्यामुळे न सांगण्याचा अधिकारही त्यांचाच.

‘काश्मीर प्रिन्सेस’च्या बाबतीत सर्वांत अवघड प्रश्न आधीच्या माहितीचा आहे. उड्डाणाच्या आदल्या दिवशी चीनने बीजिंगमधील ब्रिटिश प्रतिनिधीला कटाची कुणकुण लागल्याचे कळवले होते. हाँगकाँगमध्ये विमानावर पहारा ठेवण्यात आला, पण पहारेकऱ्यांच्या दृष्टीने सफाई कामगार हा आत जाण्याचा हक्क असलेला माणूस होता. इतिहासकार स्टीव्ह त्सांग यांनी १९९४ मध्ये अभिलेखांच्या आधारे असे मांडले की चाऊ एन-लाय यांना कटाची माहिती होती, त्यांनी स्वतःचा बेत गुपचूप बदलला आणि बाकीच्यांचे उड्डाण मात्र होऊ दिले. काही दिवसांनी ते रंगूनमार्गे बांडुंगला सुखरूप पोचले. हा निष्कर्ष मानला तर मृतांच्या बाजूने तक्रार करणारे सरकारच साक्षीदारही ठरते, आणि त्याची उलटतपासणी करण्याची ताकद तेव्हाच्या कोणत्याही मंडळात नव्हती.

माझ्या कथेचा आराखडा त्यामुळे बदलला आहे. बॉम्ब कुणी ठेवला हे आता पहिल्या एक-तृतीयांश भागातच वाचकाला कळते आणि तो माणूस तोवर दुसऱ्या ग्रहाच्या हद्दीत गेलेला असतो. उरलेल्या कथेत तपास अधिकारी आपल्याच ग्रहाच्या परराष्ट्र खात्याकडे एक साधी गोष्ट मागत राहते: उड्डाणापूर्वीच्या दोन दिवसांत या यानाबद्दल आलेल्या आणि गेलेल्या संदेशांची यादी. ही यादी देण्याचे बंधन कोणत्या करारातल्या कोणत्या कलमाने येते, तेवढे अजून मला लिहायचे आहे.