चढावर न अडणारी गाडी

रविवार, रात्री.

गेले तीन आठवडे चाललेला लपंडाव आज दुपारी संपला. दोष सापडला तो बोटभर लांबीच्या एका वायरीत, आणि तीही अशी की वरून पाहणाऱ्या कुणीही तिला धडधाकट ठरवले असते.

गाडीच्या वागण्यातली विसंगती पहिल्या दिवसापासून समोर होती. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना इंजिन एकदाही अडखळत नसे. सपाट रस्त्यावर हलक्या पायाने चालवताना मात्र ते अचानक मरायचे आणि पाय उचलताच सायलेन्सरमध्ये बार उडवून पुन्हा सुरू व्हायचे. प्लगमध्ये इंधन पेटवणारी ठिणगी दुबळी असती तर नेमके उलट घडले असते, कारण भार आला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि प्लगची फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागते. तरीही मी आधी कॉइल (बॅटरीचे व्होल्टेज ठिणगीइतके वाढवणारे वेटोळे) बदलली, मग कंडेन्सर (त्याच यंत्रणेतला विद्युतभार साठवणारा छोटा भाग) बदलला आणि दोन्ही वेळा गाडी दोन दिवस नीट चालल्यावर स्वतःची पाठ थोपटून घेतली. कॉइल तापून दगा देत असती, तर ती निवेपर्यंत ताटकळावे लागले असते. इथे तर क्षणात सारे पूर्ववत होत होते. हे लक्षात यायला नव्या कॉइलचे पैसे मोजावे लागले, याची आज लाज वाटते.

वाट दाखवली ती परवा आरपीएमच्या, म्हणजे इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या, काट्याने. इंजिन मेले, गाडी गिअरमध्येच असल्याने चाके त्याला फिरवत होती, आणि तरीही काटा थेट शून्यावर. माझ्या गाडीत हा काटा कॉइलच्या प्रायमरी बाजूच्या, म्हणजे बॅटरीचा प्रवाह जिथे चालू-बंद होतो त्या बाजूच्या, स्पंदांवर चालतो, म्हणजे ते स्पंदच थांबत होते. कॉइलच्या पुढे ठिणगी प्लगांना वाटून देणारे कॅप, रोटर आणि प्लगच्या वायरी यांच्यावरचा संशय तिथेच फिटला.

आज डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली. आतले पॉइंट, म्हणजे कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क, स्वच्छ होते, फट फीलर गेजने (जाडी मोजायच्या पात्यांनी) बरोबर ०.४ मि.मी. भरली. टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत जाणाऱ्या वायरीला मल्टिमीटर लावला, तर जोड शाबूत असल्याची त्याची शिटी अखंड वाजत राहिली. मग कार्ब्युरेटरकडून सोडवलेली व्हॅक्युम ॲडव्हान्सची (इंजिनच्या ओढीने पॉइंटची प्लेट फिरवणाऱ्या यंत्रणेची) नळी तोंडात धरून हवा ओढली. आतली प्लेट जेमतेम काही अंश फिरली आणि शिटी बंद पडली. नळी सोडली, पुन्हा वाजू लागली. पाच-सहा वेळा तसेच केले. खरे तर दुसऱ्यांदा खात्री पटली होती, पण तो आवाज ऐकायला बरे वाटत होते.

हलक्या पायाने चालवताना व्हॅक्युम वाढतो, प्लेट फिरते आणि ठिणगी थोडी लवकर पडते. पूर्ण ॲक्सिलरेटरवर व्हॅक्युम ओसरून प्लेट जागेवर येते. या रोजच्या हेलकाव्याने वायर एकाच ठिकाणी वाकून आतली तांब्याची तार तुटली होती आणि टोके फक्त आवरणाच्या आधाराने एकमेकांना टेकत होती. तिथे चिमटीत धरल्यावर वायर दोऱ्यासारखी मऊ लागली.

नवी वायर बारीक, बहुतारी घेतली आणि वाकणाऱ्या भागात शिसे चढू दिले नाही, कारण तिथे ती ताठ झाली की पुन्हा तुटणार. संध्याकाळी सपाट रस्त्यावर तासभर हलक्या पायाने चालवली. काटा एकदाही शून्यावर पडला नाही. जुनी कॉइल आणि कंडेन्सर पुसून डिकीत ठेवले आहेत.