योगवर्गाची फी, पार्ल्यातली आणि स्टुटगार्टमधली

विलेपार्ल्यातील माझ्या प्रशिक्षण वर्गात दरवर्षी दोघी-तिघी अशा असतातच, ज्यांना परदेशी जाऊन योग शिकवायचा असतो. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. कोणते प्रमाणपत्र चालते, व्हिसा कसा मिळतो, शाकाहारी माणसाचे तिथे कसे भागते, थंडीत पहाटे उठवते का. फी किती लावायची, असे मात्र आजवर एकीनेही विचारलेले नाही. जर्मनीतील स्टुटगार्ट येथे मी जी वर्षे योगशिक्षिका म्हणून काढली, त्यांत मला सर्वांत जड गेलेला विषय नेमका तोच होता. म्हणून त्याविषयीच थोडे विस्ताराने लिहिते आहे.

मुंबई-ठाण्याकडच्या मराठी माणसाची योगाशी पहिली ओळख बहुधा एखाद्या शाळेच्या सभागृहात, सतरंजीवर, पहाटे किंवा रविवारी सकाळी होते. ठाण्याच्या अंबिका योग कुटीरचे विनामूल्य वर्ग किंवा घंटाळी मित्र मंडळाचे काम ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना ते वातावरण वेगळे सांगायला नको. शिकवणारे काका बँकेतून किंवा रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यांच्या हाताखाली चार उत्साही ताई, हजेरीची वही, आणि गुरुपौर्णिमेला श्रीफळ व शाल. माझी आई अशाच वर्गात घडली आणि तिच्या मागोमाग मीही. या परंपरेचे माझ्यावरचे ऋण मोठे आहे. मात्र त्या काकांचे घर पेन्शनवर चालत असे, ही बाब आम्ही कोणी लक्षात घेतली नव्हती. योग शिकवण्याचे पैसे मागणे म्हणजे देवळात तिकीट लावण्यासारखे, अशी काहीशी समजूत मनात घट्ट बसली होती आणि लोणावळ्याच्या कैवल्यधामची पदविका घेतल्यावरही ती तशीच राहिली.

मुंबईहून योग बाहेर जाण्याची वाट जुनी आहे. १९१८ साली वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट सुरू करणारे श्री योगेंद्र पुढच्याच वर्षी अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्कजवळ त्यांनी काम उभे केले. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांची आणि व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांची भेट १९५२ साली मुंबईतच झाली आणि दोन वर्षांनी अय्यंगार स्वित्झर्लंडला गेले. आमच्या पिढीतील बऱ्याच जणी मात्र नवऱ्याच्या नोकरीच्या आधाराने जातात, आणि मीही तशीच गेले. उच्चशिक्षितांसाठीच्या ब्लू कार्डावर नवरा गेला असेल, तर पत्नीला व्हिसासाठी जर्मन भाषेच्या परीक्षेची अट नसते आणि तिथे पोहोचल्यावर नोकरी किंवा स्वतंत्र व्यवसाय करण्याची मुभाही मिळते. तरीही काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात जाऊन मी जर्मनचे पहिले धडे गिरवून ठेवले होते, आणि त्या खर्चाइतका सत्कारणी लागलेला खर्च मला दुसरा आठवत नाही.

स्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८ पासून भगिनी शहरे आहेत, ही माहिती दोन्ही शहरांत फारशी कोणाला नसते. बशीसारख्या खोलगट भागात वसलेले ते शहर, चढावर द्राक्षांचे मळे, आणि खालच्या वस्तीतून वरच्या वस्तीत नेणारे शेकडो जिने. मोटारींचे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे उद्योग यांवर तिथले अर्थकारण चालते. माणसे कष्टाळू, वेळेला पक्की आणि पैशाच्या बाबतीत काटेकोर; या भागातल्या, म्हणजे श्वाबियन, लोकांच्या काटकसरीवर उरलेला जर्मनी विनोद करतो.

माझे पहिले काम फोल्क्सहोखशूलमध्ये होते. हे नगरपालिकांच्या आधाराने चालणारे प्रौढांचे शिक्षण केंद्र असते. भाषा, चित्रकला, संगणक, स्वयंपाक आणि योग, सारे काही तिथे सत्रवार छापील वेळापत्रकाप्रमाणे शिकवले जाते. माझा वर्ग संध्याकाळी एका शाळेच्या व्यायामशाळेत भरे. दहा मिनिटे आधीच सगळे आलेले असत. प्रत्येकाची स्वतःची चटई, त्यावर अंथरायला टॉवेल, पायांत जाड लोकरी मोजे, आणि शवासनासाठी घरून आणलेले घडी केलेले ब्लँकेट. वर्ग सुरू झाल्यावर आठच दिवसांत माझ्या लक्षात आले की, मी ज्याला सुखासन म्हणत होते ते या मंडळींसाठी सर्वांत दुःखाचे आसन आहे. पन्नाशीच्या गृहस्थाला मांडी घालून बसवले की गुडघे छातीच्या उंचीला येत आणि पाठीला कुबड निघे. आपल्याकडे सत्तरीची बाईदेखील जमिनीवर बसून भाजी निवडते, उकिडवी बसून फरशी पुसते. तिचे खुबे आयुष्यभर वाकलेले असतात. खुर्चीतच वाढलेल्या खुब्यांना आधी उंच उशी, मग घडीचे ब्लँकेट, मग त्याहून पातळ घडी, असे करत महिनोन्‌महिने खाली आणावे लागते. त्या वर्गाने मला जितके शिकवले, तितके त्यांना मी शिकवले असेल की नाही, याबद्दल मला शंका आहे. हात लावण्याचेही तसेच. पार्ल्यात बाई पाठीवर गुडघा टेकवून पश्चिमोत्तानासनात ढकलत आणि आपण कृतार्थ होत असू. तिथे खांद्याला बोट लावण्यापूर्वीही विचारावे लागते, आणि एखादा नको म्हणाला तर ते मनाला लावून घ्यायचे नसते.

आता फीकडे येते. फोल्क्सहोखशूलचे मानधन ठरलेले असल्यामुळे तिथे मला तोंड उघडावे लागले नाही. खरी परीक्षा एका खासगी योग स्टुडिओत झाली. मालकीणबाईंनी माझा वर्ग पाहिला, त्यांना तो आवडला, आणि वही उघडून त्यांनी माझा दर विचारला. मी आपल्या वळणाप्रमाणे, ‘तुम्हांला योग्य वाटेल ते द्या,’ असे म्हटले. त्यांनी पेन खाली ठेवले. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक नव्हते, गोंधळ होता. ज्या शिक्षिकेला आपल्या तासाची किंमत सांगता येत नाही, तिला वेळापत्रकात कोणत्या भरवशावर बसवायचे, असा त्यांचा सरळ प्रश्न होता आणि तो त्यांनी तितक्याच सरळपणे विचारला. ताकाला जाऊन भांडे लपवण्याची आपली रीत तिथे विनय म्हणून खपत नाही. दोन दिवसांची मुदत मागून मी घरी आले आणि आयुष्यात प्रथमच माझ्या एका तासाचा हिशेब मांडायला बसले.

तो हिशेब इथे मांडते, कारण तासाला तीस-चाळीस युरो हा आकडा ऐकून आपल्याकडे लगेच रुपयांत गुणाकार होतो. त्या एका तासामागे जाण्यायेण्याचा तास, तयारीचा अर्धा तास आणि रद्द झालेले वर्ग असतात. उन्हाळ्याच्या सुटीत आणि नाताळात वर्ग जवळजवळ बंदच असतात. नोकर न ठेवता स्वतंत्रपणे शिकवणाऱ्या शिक्षकाला तिथल्या कायद्याने सार्वजनिक पेन्शन विमा सक्तीचा आहे, आणि किरकोळ कमाईची मर्यादा ओलांडली की त्याचा २०१८ पासूनचा १८.६ टक्के दराचा पूर्ण हप्ता शिक्षकालाच भरावा लागतो. नोकरदाराचा अर्धा हप्ता कंपनी भरते, तशी सोय इथे नाही. सार्वजनिक आरोग्य विम्यात पत्नीचा समावेश नवऱ्याबरोबर विनाखर्च होतो, पण तिची कमाई ठरावीक रकमेच्या वर गेली की तिला स्वतःचा हप्ता सुरू करावा लागतो, त्यामुळे मधल्या टप्प्यावर दोन वर्ग जास्त घेतले तर हातात पैसे कमी येतात. शिवाय विद्यार्थ्याला दुखापत झाल्यास उपयोगी पडणारा व्यावसायिक दायित्व विमा. शवासनाच्या वेळी सतारीचे ध्वनिमुद्रण लावायचे असेल, तर संगीताच्या हक्कांची वसुली करणाऱ्या गेमा या संस्थेचे शुल्क. मी संगीत बंद केले आणि कोणी तक्रार केली नाही. दिलासा एकच होता. शिकवणे हा तिथे मुक्त व्यवसाय मानला जातो, त्यामुळे दुकानदारासारखी व्यापारी नोंदणी लागत नाही. कर कार्यालयाचा लांबलचक फॉर्म भरून क्रमांक घेतला की पुरते. छोट्या व्यावसायिकाला बिलावर मूल्यवर्धित कर लावण्यातूनही सूट असते. माझ्या सुरुवातीच्या काळात तिची मर्यादा वर्षाला १७,५०० युरो होती, २०२० पासून २२,००० झाली आणि २०२५ पासून २५,००० आहे.

ही सारी गोळाबेरीज झाल्यावर जो आकडा आला, तो मी स्टुडिओत सांगितला. त्यांनी थोडी घासाघीस केली, मी थोडे उतरले, आणि पाच मिनिटांत विषय संपला. दोन दिवस पोटात गोळा आलेली मी एकटीच होते.

तिथल्या योगवर्गाच्या अर्थकारणाची खरी किल्ली मात्र आरोग्य विमा कंपन्यांकडे आहे. जर्मन कायद्यानुसार आजार टाळण्यासाठी घेतलेल्या ठरावीक अभ्यासवर्गांच्या खर्चातला मोठा वाटा विमा संस्था परत करतात, आणि हठयोग त्यांत ताणमुक्तीच्या सदरात येतो. वर्ग आठ ते बारा सत्रांचा, सुरुवात आणि शेवट ठरलेला असावा लागतो. वर्षातून असे दोनच वर्ग मंजूर होतात. आणि शिक्षकाची व अभ्यासक्रमाची तपासणी एका मध्यवर्ती संस्थेकडून होते. आपल्याकडे गल्लोगल्ली मिळणारे दोनशे तासांचे प्रमाणपत्र तिथे पुरत नाही. मला तिथल्या एका संस्थेत दोन वर्षे शनिवार-रविवार पुन्हा विद्यार्थिनी व्हावे लागले. मुंबईच्या मुलीने जर्मन लोकांकडून योग शिकायचा, यावर पार्ल्यात बराच विनोद झाला आणि आईने तो फारसा मनावर घेतला नाही. शरीररचना, मणक्याची चकती सरकलेल्या माणसाला काय द्यायचे आणि काय टाळायचे, वर्गाचे लेखी नियोजन, या गोष्टी मला तिथे नीट मिळाल्या. पतंजलीची सूत्रे मात्र माझ्या कानांवर लहानपणापासून होती आणि त्या शनिवारी ती फारच घाईत उरकली गेली, हेही नोंदवते.

या मंजुरीबरोबर हजेरीचा नियम येतो. किमान ८० टक्के सत्रांना उपस्थित राहिलेल्यालाच शिक्षिकेच्या सहीचा दाखला आणि पुढे विम्याचे पैसे मिळतात. दहा सत्रांच्या एका वर्गाच्या शेवटच्या संध्याकाळी एक निवृत्त शिक्षिका फॉर्म न घेताच माझ्याजवळ आल्या. पर्समधून छोटी रोजनिशी काढून त्यांनी आपल्या तारखा मला दाखवल्या: सातच होत होत्या, एका आठवड्यात त्यांच्या नातवाचा वाढदिवस होता आणि दोनदा त्या आजारी होत्या. माझ्या वहीत सात आहेत की आठ, हे पाहण्यापूर्वीच त्यांनी आपला हिशेब मांडला होता. सवलतीची त्यांची अपेक्षा नव्हती. पुढच्या वर्गात नाव घाला आणि त्या वेळचा दाखला द्या, इतकेच त्यांचे म्हणणे होते. पूर्ण फी त्यांनी केव्हाच भरलेली होती. आपल्याकडचे ‘एका दिवसाने काय होते, करा सही’ हे वाक्य ऐकण्याची माझी तयारी होती आणि ते आलेच नाही. ज्या समाजात घेणाऱ्याचा हिशेब इतका चोख असतो, तिथे देणाऱ्याने आपल्या तासाचे मोल सांगताना लाजण्याचे कारण उरत नाही, हे मला त्या बाईंमुळे पटले.

भारतीय असण्याचा फायदा होतो का, असे विचारणाऱ्यांना मी म्हणते की पहिल्या वर्गापुरता होतो. लोक कुतूहलाने येतात, कपाळाची टिकली आणि ॐकाराचा उच्चार त्यांना आवडतो. पण तिसऱ्या आठवड्यात त्यांचे कंबरेचे दुखणे तसेच असेल, तर चौथ्या आठवड्यात ते येत नाहीत. आंतरराष्ट्रीय योग दिन २०१५ पासून सुरू झाल्यावर दर २१ जूनला मात्र भारतीय शिक्षिकेला भलतीच मागणी येते, आणि ती बहुतेक वेळा विनामूल्य असते. आपल्याच लोकांना नाही म्हणणे जर्मनांना दर सांगण्यापेक्षा कितीतरी अवघड गेले. शेवटी मी वर्षातून एक सकाळ मनापासून फुकट द्यायची आणि बाकी सर्वांना दरपत्रक पाठवायचे, असे ठरवले. एक-दोन घरची गणपतीची आमंत्रणे त्यामुळे बंद झाली.

२०२० च्या मार्चमध्ये व्यायामशाळा आणि स्टुडिओ बंद झाले आणि सगळे काही संगणकाच्या पडद्यावर आले. पडद्यावरच्या वर्गात मला खुबे आणि टाचा नीट दिसत नसत, त्यामुळे मला ते दिवस आवडले नाहीत. पण मुंबईला कायमचे परतल्यावर त्याच सोयीमुळे एक गट टिकून राहिला. त्यांच्या सकाळी सातच्या वर्गासाठी मी इथे उन्हाळ्यात साडेदहाला आणि हिवाळ्यात साडेअकराला बसते. मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर त्यांची घड्याळे बदलतात तेव्हा कोणीतरी हमखास चुकते, आणि ते बहुधा मी नसते.

पार्ल्यातील वर्गालाही आता फी आहे आणि ती दाराशी फलकावर लिहिलेली आहे. सोसायटीतील एका काकूंनी, ‘अगं, योगाचे कसले पैसे?’ असे विचारले, तेव्हा मी त्यांना वर्गातल्या दोन जागा कोणालाही कारण न विचारता विनामूल्य ठेवलेल्या असल्याचे सांगितले. त्यांनी त्यांपैकी एक घेतली नाही. पुढच्या महिन्याची फी पाकिटात घालून आणून दिली.

जर्मनीला जाण्याच्या तयारीत असलेल्यांसाठी एक कामाची गोष्ट. ज्या संस्थेतून शिक्षण घ्याल, तिच्याकडून विषयवार तासांचा तक्ता सही-शिक्क्यानिशी निघण्यापूर्वीच मागून घ्या. शरीररचनेचे किती तास, तत्त्वज्ञानाचे किती, प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव किती, हे त्यात वेगवेगळे लिहिलेले हवे. नुसत्या पदविकेवर तिथली तपासणी पुढे सरकत नाही, आणि परदेशात बसून इथल्या कार्यालयातून असा कागद मिळवायला किती फोन करावे लागतात, ते ज्यांनी केले आहेत त्यांना ठाऊक आहे.